स्तनाच्या तपासणीत इम्पीडन्स मापन कसे वापरावे: विदर्भातील गावपातळीवरील शिबिरांसाठी मार्गदर्शन

उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि आशाताई यांच्यासाठी, तसेच त्यांच्यासोबत गावात तपासणी शिबिर घेऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयांसाठी व संस्थांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. स्तनाच्या ऊतींतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा विरोध, म्हणजे इम्पीडन्स, मोजणारे उपकरण कोणी शिबिरात आणू पाहत असेल, तर ते रक्त न काढता, क्ष-किरण न वापरता आणि न दुखवता काम करते, हे खरेच आहे. परंतु त्या उपकरणाला काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून न घेता ते वापरले तर जिला त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला हवे होते ती बाई "मशीनमध्ये काही निघाले नाही" असे सांगत घरी परतते. हाताला लागलेली गाठ उपकरणाच्या आकड्याने कधीही रद्द होऊ नये, या एका काळजीपोटी पुढील सर्व सूचना केल्या आहेत.

अशा उपकरणाचा विचार मुळात का करावा लागतो, हे थोडक्यात सांगतो. भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो. या वयात स्तनातील ग्रंथींची ऊती दाट असते आणि मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या, चित्रात दाट ऊती व गाठ या दोन्ही पांढऱ्याच दिसत असल्याने गाठ लपून राहू शकते. त्यातच मॅमोग्राफीसाठी गावातून बहुधा जिल्ह्याचे ठिकाण किंवा नागपूर गाठावे लागते. सोनोग्राफीचे यंत्र उचलून गावात आणावे, तर गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे नोंदणीकृत जागेबाहेर ते नेण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि त्या निर्बंधांचे कारण योग्यच आहे. त्यामुळे पिशवीत मावणाऱ्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या साधनाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

उपकरण नेमके काय मोजते

पेशीचे आवरण अत्यंत पातळ व मेदयुक्त असते आणि विजेच्या दृष्टीने ते लहानशा कपॅसिटरचे, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागाचे, काम करते. कमी वारंवारतेचा प्रवाह हे आवरण भेदू शकत नाही. ओलिताचे पाणी वरंबे न ओलांडता सऱ्यांमधून फिरत जावे, तसा तो पेशींच्या मधल्या खारट द्रवातून वाट काढतो. वारंवारता शेकडो किलोहर्ट्झपर्यंत नेली की हाच प्रवाह आवरण पार करून पेशीच्या आतूनही जाऊ लागतो. म्हणून एकाच जागी कमी व जास्त वारंवारतेवर मोजमाप घेतले, तर पेशींची दाटी, त्यांच्यामधल्या द्रवाचे प्रमाण आणि आवरणांची अवस्था यांविषयी काही अंदाज बांधता येतो. कर्करोगाच्या ऊतीत या तिन्ही गोष्टी बदलतात आणि या पद्धतीचा सारा पाया तेवढाच आहे.

ही कल्पना नवी नाही. ह्यूगो फ्रिके आणि स्टर्न मोर्स यांनी १९२६ सालीच स्तनातून काढलेल्या गाठींची २० किलोहर्ट्झवर मोजणी करून घातक गाठींची विद्युतधारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साध्या गाठींपेक्षा अधिक असल्याचे नोंदवले होते. १९९० च्या दशकात फ्रान्समधील जे. जोसिने यांनी ६४ स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे ताजे नमुने सुमारे ४८८ हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ या टप्प्यात मोजले. शिबिरात काम करणाऱ्या प्रत्येकाने या मोजमापांतील एक बाब नीट लक्षात ठेवावी, कारण ती सर्रास सांगितल्या जाणाऱ्या समजुतीच्या विरुद्ध जाते. "कर्करोग म्हणजे कमी रोध" हे विधान चरबीशी तुलना केली तर खरे आहे, कारण चरबीचा रोध फार जास्त असतो. ग्रंथींच्या निरोगी ऊतीशी तुलना केली, तर मात्र जोसिने यांच्या नमुन्यांत कर्करोगाच्या ऊतीचा कमी वारंवारतेवरील रोध उलट काहीसा जास्तच भरला. तिचे वेगळेपण दिसले ते उच्च वारंवारतेवर प्रवाह आणि व्होल्टेज यांच्यात पडणाऱ्या फेजच्या, म्हणजे दोघांच्या लाटा मागे-पुढे असण्याच्या, अंतरात. म्हणजे जे उपकरण एकच वारंवारता वापरून एकच आकडा देते आणि तो कमी आला की लाल दिवा लावते, ते दाट स्तनाच्या तरुण स्त्रीला विनाकारण घाबरवू शकते, आणि जिच्या स्तनात चरबीच्या जागी ग्रंथीच अधिक आहेत तिची खरी गाठ सोडून देऊ शकते.

मायक्रोवेव्हच्या फार वरच्या वारंवारतांवरही हीच अडचण दिसली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कर्करोगाची ऊती आणि चरबी यांच्यातील फरक कितीतरी पटींचा निघाला, परंतु कर्करोगाची ऊती आणि ग्रंथींची ऊती यांच्यातील फरक जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास राहिला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली ट्रान्सस्कॅन टीएस-२००० या इम्पीडन्स उपकरणाला मान्यता दिली होती, पण ती मॅमोग्राफीत संशयास्पद वा संदिग्ध दिसलेल्या जागेविषयी अधिक माहिती मिळवण्यासाठी, मॅमोग्राफीची जोड म्हणून दिली होती. त्या पाठोपाठ तरुण स्त्रियांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी स्त्रियांना उगीच संशयित ठरवण्याचे प्रमाण कमी होते, परंतु प्रत्यक्ष कर्करोग असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत उपकरणाने काहीच सांगितले नाही. म्हणून संशयास्पद आकडा कामाचा असतो आणि निर्धोक आकडा फारसा कामाचा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शिबिराची सारी आखणी या विषमतेला धरूनच करावी.

शिबिरापूर्वी उपकरणाची खात्री

पुरवठादाराकडून तीन कागद मागून घ्यावेत: वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ खालील परवाना, रुग्णाच्या शरीरातून जाणाऱ्या प्रवाहाच्या मर्यादेचे चाचणीपत्र, आणि उपकरण कोणत्या वयाच्या व कुठल्या स्त्रियांवर पडताळले गेले याचा लेखी तपशील. प्रवाहाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १ किलोहर्ट्झपर्यंत ०.१ मिलिअँपिअर ही मर्यादा असते. पुढे वारंवारतेच्या प्रमाणात ती वाढते, तरी १० मिलिअँपिअरच्या वर जात नाही. उपकरण अद्याप संशोधनाच्या टप्प्यात असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मान्यता आणि प्रत्येक स्त्रीची लेखी संमती असल्याशिवाय ते गावात आणूच नये. शिबिर मोफत आहे म्हणून ही अट शिथिल होत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. उपकरण माणसाला लावण्याआधी ज्याची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक आहेत अशा वस्तूवर ते तपासावे. सर्वांत सोपी चाचणी साध्या रेझिस्टरची, म्हणजे ठरावीक रोध असलेल्या सुट्या भागाची, आहे. १००, ५०० आणि १००० ओहमचे, एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतात. ते इलेक्ट्रोडच्या टोकांना जोडले असता उपकरणाने सर्व वारंवारतांवर जवळजवळ तोच आकडा आणि शून्याच्या आसपास फेज दाखवायला हवी. तसे झाले नाही, तर केबल, जोडणी किंवा बॅटरी यांत दोष आहे असे समजून त्या दिवशीचे मापन रद्द करावे.

दुसरी चाचणी कृत्रिम स्तनाची आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे २० ग्रॅम अगर-अगर (चायना ग्रास) आणि १ ग्रॅम मीठ घालून ते उकळावे आणि वाटीच्या आकाराच्या भांड्यात ओतून गोठू द्यावे. या मिश्रणाची विद्युतवाहकता खोलीच्या तापमानाला साधारण ०.२ सीमेन्स प्रति मीटर येते. त्याच पद्धतीने पण लिटरला ५ ग्रॅम मीठ घालून दुसरे मिश्रण करावे. त्याची वाहकता पहिल्याच्या चौपटीहून अधिक असते. या दुसऱ्या मिश्रणाचा बोराएवढा गोळा पहिल्या मिश्रणात, पृष्ठभागापासून एक, दोन, तीन आणि चार सेंटिमीटर खोलीवर ठेवून वेगवेगळे नमुने करावेत आणि उपकरणाला तो गोळा कितव्या सेंटिमीटरपर्यंत कळतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्वचेवर ठेवण्याच्या सपाट प्रोबची पोहोच साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटरपर्यंतच असते आणि लहान गोळा त्याच्याही आधी दिसेनासा होतो. एकदा हे पाहिलेला कार्यकर्ता मोठ्या स्तनाच्या स्त्रीला "काहीच नाही" असे सांगायला पुन्हा धजावणार नाही. नमुने त्याच दिवशी वापरावेत, कारण मीठ हळूहळू गोळ्यातून बाहेर पसरते आणि दोन्हींतील फरक पुसट होत जातो.

पाण्याबाबत आपल्या भागात विशेष दक्षता घ्यावी लागते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात बोअरिंगच्या पाण्यातच इतके क्षार असतात की १ ग्रॅम मीठ घालण्यापूर्वीच त्याची वाहकता अपेक्षेपेक्षा पुढे गेलेली असते. म्हणून नमुन्यासाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

तापमानाचेही तसेच आहे. क्षारयुक्त द्रवाची वाहकता दर अंश सेल्सिअसमागे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. डिसेंबरात सकाळी १२ अंशांवर तपासलेला नमुना मे महिन्यात चंद्रपूरला ४४ अंशांवर तपासला, तर उपकरणात काहीही बदल न होता वाहकतेचा आकडा निम्म्याहून अधिक वाढलेला दिसेल. शरीराच्या आतले तापमान इतके बदलत नाही, मात्र त्वचेचे व घामाचे बदलते. त्यामुळे प्रत्येक मोजणीसोबत खोलीचे तापमान लिहून ठेवणे आवश्यक आहे.

जागा, वेळ आणि बोलणे

कापसाच्या वेचणीत, सोयाबीनच्या सोंगणीत किंवा भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत शिबिर ठेवले, तर ज्यांच्यासाठी ते आहे त्या स्त्रिया मजुरी बुडवून येणार नाहीत आणि आल्याच तर घाईत असतील. मापनाला घाई चालत नाही. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची अशी खोली निवडावी जिच्या खिडक्या आतून झाकता येतील, आणि आत केवळ स्त्री कर्मचारीच असाव्यात. उन्हाळ्यात लोखंडी कूलर लावण्याचा मोह होतो. पण अशा कूलरच्या पत्र्यातून वीज उतरल्याने होणारे अपघात विदर्भात दर उन्हाळ्यात ऐकू येतात, आणि त्याची मोटार मापनातही अडथळा आणते. कूलर दाराबाहेर ठेवावा, तपासणीसाठी लाकडी बाक किंवा जमिनीवर सतरंजी घ्यावी, आणि उपकरण चार्जरला जोडलेले असताना ते कोणत्याही परिस्थितीत अंगाला लावू नये. लाइन गेली म्हणून काम थांबू नये यासाठी बॅटरी आदल्या रात्रीच पूर्ण भरून ठेवावी.

ज्या वाक्याला आपल्याला खरे उत्तर द्यायचे आहे ते वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते: "दुखत नाही तं दवाखान्यात कायले जाऊ?" स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, त्यामुळे न दुखणारी टणक गाठ हेच दवाखान्यात जाण्याचे कारण आहे, हे आशाताईंनी शिबिराच्या आधीच घरोघरी सांगितलेले असावे. तपासणीच्या वेळी शब्द काटेकोर असावेत: "मावशी, ही मशीन कर्करोग आहे की नाही हे सांगत नाही. दोन्ही बाजूंत काही फरक आहे का, एवढंच ती दाखवते. फरक दिसला तर तुम्हाला सोनोग्राफीसाठी पाठवू. दिसला नाही, तरी हाताला काही लागलं तर पाठवूच." मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि यवतमाळच्या काही भागांत कोलामी बोलणाऱ्या स्त्रिया असतात. तिथे हेच वाक्य त्यांच्या भाषेत सांगणारी, त्याच पाड्यावरची बाई सोबत घ्यावी, आणि संमतीचा कागद तिने मोठ्याने वाचून समजावल्यावरच अंगठा किंवा सही घ्यावी.

आधी हात, मग यंत्र

उपकरण बाहेर काढण्याआधी प्रशिक्षित परिचारिकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने हाताने पूर्ण तपासणी करून तिची नोंद करावी. हा क्रम उलटा करू नये, कारण पडद्यावर निर्धोक रंग पाहिलेला हात गाठ शोधताना नकळत ढिला पडतो. बसवून, हात वर करायला लावून, स्तनांचा आकार, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, आत ओढले गेलेले स्तनाग्र आणि त्यातून येणारा, विशेषतः रक्ताळलेला स्राव पाहावा. त्यानंतर आडवे झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी हलका, मध्यम आणि खोल असा दाब देत गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत चाचपावे. काख आणि गळ्याच्या हाडावरची जागा विसरू नये, कारण इम्पीडन्सचा प्रोब तिथे पोहोचत नाही आणि गाठ काखेत आधी लागण्याची शक्यता असते.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये, यासाठी आपल्याकडे भक्कम आधार आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, आणि याच वयोगटासाठी पूरक साधनांचा शोध घेण्याला अर्थ आहे. शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातही ३० वर्षांवरील स्त्रियांची उपकेंद्रावर दर पाच वर्षांनी हाताने तपासणी अपेक्षित आहे. आपले शिबिर त्या कार्यक्रमाच्या नोंदीत बसवावे, समांतर चालवू नये.

प्रत्यक्ष मापन

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम विद्युत उपकरण असलेल्या स्त्रीला आणि गर्भवतीला हे मापन करू नये. स्तनावर जखम, भाजल्याची खूण वा पुरळ असेल तिथे प्रोब ठेवू नये. अंगावर पाजणाऱ्या मातेत दुधामुळे वाहकता वाढलेली असते, त्यामुळे तिच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. अलीकडे सुईने तपासणी झालेल्या किंवा एका स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीत दोन बाजूंची तुलनाच निरर्थक ठरते. या सर्वांची हाताने तपासणी मात्र व्हायलाच हवी. मापन होत नाही म्हणून त्यांना रांगेतून परत पाठवू नये.

पाळी नियमित असलेल्या स्त्रीचे मापन पाळी सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात झाले, तर उत्तम, कारण नंतरच्या दिवसांत ऊतीत पाणी साठते आणि आकडे हलतात. गावच्या शिबिरात हा नेम साधणे कठीण असते, तेव्हा निदान शेवटच्या पाळीची तारीख लिहावी आणि संदिग्ध आकडा आल्यास योग्य दिवसांत पुन्हा बोलवावे.

तेल, पावडर आणि घाम ओल्या कापडाने पुसून काढावा. मंगळसूत्र आणि गळ्यातील इतर धातू काढून तिच्याच हातात किंवा सोबतिणीजवळ द्यावेत. त्वचा कोरडी असेल, तर तिचाच रोध इतका मोठा असतो की आतल्या ऊतीचे काही कळत नाही; म्हणून सलाइनचे पाणी किंवा जेल सर्वत्र सारखे लावून एक-दोन मिनिटे मुरू द्यावे. काही उपकरणांत एक धातूची नळी हातात धरायची असते आणि प्रवाह हातातून छातीकडे येतो. आपल्या भागातील शेतमजूर स्त्रियांच्या तळहातांवर निंदणीच्या आणि वेचणीच्या कामाने घट्टे पडलेले असतात, आणि घट्ट्यांतून प्रवाह नीट जात नाही. अशा वेळी तळहात कोमट पाण्यात काही मिनिटे बुडवून, त्यावर जेल लावून मगच नळी धरायला द्यावी. ज्या उपकरणात प्रवाह सोडणारे इलेक्ट्रोड आणि व्होल्टेज मोजणारे इलेक्ट्रोड वेगवेगळे असतात, म्हणजे एका जागी चार, त्यात त्वचेच्या संपर्काचा हा दोष बराच कमी होतो. निवड करण्याची संधी असेल, तर असेच उपकरण घ्यावे.

प्रोब काटकोनात, सारख्या दाबाने टेकवावा. त्याखाली हवेचा बुडबुडा राहिला, तर तिथे खोटी काळी जागा दिसते, आणि जोराने दाबले, तर ऊतीतले पाणी सरकून आकडा बदलतो. एका स्तनावरची प्रत्येक जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे नाव देऊन मोजावी आणि दुसऱ्या स्तनावर आरशातल्यासारखी समोरासमोरची जागा घ्यावी, म्हणजे उजव्या स्तनावरील दहाच्या जागेची तुलना डाव्यावरील दोनच्या जागेशी होईल. स्तनाग्राजवळ वाहकता नैसर्गिकरीत्याच जास्त असते, त्यामुळे तिथला ठळक ठिपका आजाराचा समजू नये, आणि तीळ, व्रण किंवा फोडीवरचाही नाही. प्रत्येक जागी किमान तीन वेळा प्रोब उचलून पुन्हा टेकवून मोजावे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येत नसतील, तर दोष संपर्कात आहे असे धरून जेल पुन्हा लावावे.

आकडा हातात आल्यावर

दोन स्तनांच्या समोरासमोरच्या जागांत फरक आढळला, तो एकाहून अधिक वारंवारतांवर दिसला, आणि प्रोब उचलून पुन्हा ठेवल्यावरही टिकला, तरच तो खरा मानावा. असा फरक दिसला, तर त्या जागेची हाताने पुन्हा तपासणी करावी, आणि हाताला काही लागो वा न लागो, स्त्रीला दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफीसाठी पाठवावे. स्तनातील पाण्याने भरलेली साधी पिशवीही (सिस्ट) असा फरक दाखवू शकते आणि ती धोक्याची नसते, हे तिला त्याच वेळी सांगावे, म्हणजे भीतीपोटी ती दवाखान्यात जाणे टाळणार नाही.

हाताला गाठ लागली आणि उपकरणात फरक दिसला नाही, तर उपकरणाचा आकडा नोंदवहीत लिहावा आणि निर्णय घेताना बाजूला ठेवावा. गाठ, त्वचेतला बदल, रक्ताळलेला स्राव किंवा काखेतील गाठ यांपैकी एकही गोष्ट असेल, तर पाठवणे ठरलेले आहे. या नियमाला वय, गाठीचा लहानपणा किंवा "मागच्या वर्षीपासून तेवढीच आहे" हे सांगणे यांपैकी कशाचाही अपवाद करू नये. हात आणि यंत्र दोन्हींना काही आढळले नाही, तर नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढची तपासणी सांगावी आणि मधल्या काळात बदल जाणवल्यास आशाताईला लगेच कळवायला सांगावे. कोणत्याही स्त्रीला "तुम्हाला कर्करोग नाही" असा कागद देऊ नये.

पुढे पाठवणे

संशयित गाठीचा निकाल तीन गोष्टी जुळल्यावरच लागतो: डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि बायोप्सी, म्हणजे जाड सुईने घेतलेल्या गाठीच्या नमुन्याची तपासणी. वर्ध्याच्या आसपासच्या गावांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळ पडते. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गडचिरोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरच राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, एम्स आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. शिबिराची तारीख ठरवण्याआधीच यांपैकी एका ठिकाणच्या शल्यचिकित्सा विभागाशी बोलून पाठवलेल्या स्त्रियांसाठी वार आणि वेळ ठरवून घ्यावी. पुढची सोय केलेली नसेल, तर शिबिर पुढे ढकललेले बरे, कारण संशय निर्माण करून स्त्रीला वाऱ्यावर सोडणे हे तपासणी न करण्यापेक्षा वाईट आहे.

जाताना आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत असावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आणि सर्वांत आधी त्यालाच भेटावे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असले, तरी सोबत येणाऱ्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी राहतेच. ग्रामपंचायत किंवा बचतगट यांच्याकडून तेवढी तजवीज आधीच झाली, तर जाणे खरोखर घडते.

दोन समजुतींमुळे या टप्प्यावर फार नुकसान होते. सुई लावली की गाठ चिडते आणि पसरते, ही पहिली. बायोप्सीमुळे आजार वाढतो असे नाही, आणि तिच्या अहवालाशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. गाठ जवळच्या दवाखान्यात आधी कापून टाकावी आणि मग पाहावे, ही दुसरी. बायोप्सीविना अर्धवट काढलेली गाठ कर्करोगाची निघाली, तर पुढील शस्त्रक्रिया अवघड होते, आणि गाठ तपासणीसाठी पाठवलीच नसेल, तर उपचार ठरवणाऱ्या हार्मोन व हर-२ (एक प्रथिन) च्या चाचण्यांसाठी ऊतीही उरत नाही.

नोंदी

प्रत्येक स्त्रीसाठी वय, पाळीची तारीख किंवा पाळी बंद झाल्याचे वर्ष, खोलीचे तापमान, हाताच्या तपासणीचे निष्कर्ष आणि प्रत्येक वारंवारतेवरचे मूळ आकडे लिहावेत. केवळ हिरवा किंवा लाल रंग लिहून ठेवणे निरुपयोगी आहे. स्तनाचे छायाचित्र उपकरणासोबतच्या मोबाइलमध्ये साठवू नये, आणि नावासह कोणतीही माहिती मोबाइलवरील गटात पाठवू नये. पाठवलेल्या प्रत्येक स्त्रीचे नाव गावच्या आशाताईच्या वहीत वेगळे काढावे. दोन आठवड्यांनी ती गेली की नाही हे घरी जाऊन विचारावे, आणि गेली नसेल, तर अडचण पैशाची आहे, घरच्यांची आहे की भीतीची, हे समजून घेऊन पुन्हा पाठवण्याची व्यवस्था करावी. बायोप्सीचा अहवाल आल्यावर तो त्याच पानावर मूळ आकड्यांसमोर लिहावा. ज्यांचे आकडे निर्धोक आले होते त्यांनाही वर्षभराने भेटून मधल्या काळात काही निघाले का, हे विचारून नोंदवावे. ही उपकरणे बहुतांशी परदेशातील स्त्रियांच्या मोजमापांवर बेतलेली असतात, आणि इथल्या स्त्रियांत ती किती खरी ठरतात हे ठरवायला अशाच वह्या लागतात. त्यांची प्रत, नावे काढून, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि ज्या महाविद्यालयासोबत शिबिर घेतले त्याच्या समुदाय वैद्यक विभागाकडे द्यावी.